शीड, पाल आणि झाशीचे ऊन

लहानशा शिडाच्या होडीतून लांबचा प्रवास करणाऱ्या माणसापुढे सूर्य मावळला की एक अडचण उभी राहते. मोठ्या गलबताला खण असतात, खोल्या असतात, निदान नाखव्यापुरती आडोशाची एक जागा तरी असते. पंधरा-सोळा फुटांच्या उघड्या होडीला यांपैकी काहीच नाही. किनारा खडकाळ किंवा चिखलाचा असला तर उतरावयाची सोय नाही, आणि उघड्या आकाशाखाली निजावे तर पहाटेच्या दवाने अंथरूण भिजून जाते. अशा वेळी होडीवरच तंबू उभारतात. शिडाच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते, ती मागच्या टोकाशी दुबेळक्यावर उचलून धरावयाची, तिचे आढे करावयाचे, आणि तिच्यावरून जाड सुती कापड दोन्ही बाजूंना सोडून होडीच्या काठाखाली दोरीने आवळावयाचे, इतकीच काय ती युक्ती. दिवसा जी काठी वारा पेलते, तीच रात्री छप्पर पेलते.

युक्ती साधी खरी, परंतु तिच्यात चुका करावयास भरपूर जागा आहे. कापडाची कड होडीच्या काठाच्या आत बांधली तर पावसाच्या पागोळ्या सरळ अंथरुणात पडतात. ती बाहेरूनच खाली घ्यावी लागते. छप्पर उंच केले तर ताठ बसता येते, पण वाऱ्याला धरावयास तितकीच मोठी भिंत मिळते आणि नांगराला ओढ बसते. दोन्ही तोंडे गच्च बंद केली तर निजलेल्या माणसांचा श्वास कापडाच्या आतल्या अंगावर थेंबांच्या रूपाने जमून खाली ठिबकू लागतो. जमिनीवरचा तंबू आणि होडीवरचा तंबू यांत एक मोठा भेद आहे. जमिनीवर तंबू ठोकणाऱ्याला वारा कोठून येणार याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि रात्री वारा फिरला तर तो हतबल होतो. नांगरलेली होडी मात्र स्वतःच वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. म्हणून तिच्या तंबूचे पुढचे तोंड घट्ट असावे आणि मागचे सैल, एवढे पथ्य सांभाळले की बहुतेक काम होते. भरती-ओहोटीचा ओढा वाऱ्याच्या उलट असला की होडी आडवी पडते आणि हे पथ्यही फुकट जाते, ही गोष्ट निराळी.

जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराने १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात टेम्स नदीवर नावेवर कमानी लावून कापड चढविणाऱ्या तीन मित्रांची जी फजिती वर्णिली आहे, ती वाचून अनेकांना वाटते की हा सारा प्रकार विलायती हौसेचा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कोकणच्या किनाऱ्यावर ही विद्या हौशीची नसून पोटापाण्याची होती. बंदरात मचवा नांगरून पडला की खलाशी परबाण खाली घेत आणि शिडाचेच कापड तिच्यावर पसरून त्याच्या सावलीत भाकरी खात व झोप काढीत. पावसाळा तोंडावर आला म्हणजे तीच तारवे किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर माडाच्या विणलेल्या झापांचे छप्पर घालीत. शीड म्हणजे वाऱ्यासाठी आणि छप्पर म्हणजे उन्हापावसासाठी, असा कापडाचा काटेकोर विभाग दर्यावर्दी माणसाने कधी केलाच नाही.

भाषेनेही तो केलेला नाही. मराठीत ‘पाल’ म्हणजे एका आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेले साधे कापडी घर. मोकळ्या माळावर उतरलेल्या भटक्या जमातींच्या वस्तीला आजही ‘पाले’ म्हणतात. हिंदीत मात्र ‘पाल’ हा शब्द प्रामुख्याने नावेच्या शिडाला लावतात. यमुनेवरचा मल्लाह ‘पाल’ म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे डोलकाठीवर फुगलेले कापड येते. मराठी शिपाई ‘पाल’ म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे मुक्काम येतो. या दोन अर्थांची जेथे समोरासमोर गाठ पडली, तो मुलूख म्हणजे बुंदेलखंड. उत्तरेस यमुना, तिच्यावर काल्पीचे नावांचे बंदर, आणि दक्षिणेस शंभर मैलांवर झाशीचा मराठी किल्ला. आणि या कापडाची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती १८५८ च्या उन्हाळ्यात, याच शंभर मैलांत.

मराठे या भागात स्थिरावले ते छत्रसालामुळे. त्याने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीराव पेशव्याला दिला, आणि १७४२ साली नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला किल्ला त्याने वाढविला व पायथ्याशी शहर वसविले. पुढे रघुनाथ हरी नेवाळकरापासून नेवाळकरांची सुभेदारी सुरू झाली. हे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, लांजे तालुक्यातील कोट गावचे. कोकणातून निघालेली माणसे बेतवेच्या खडकाळ काठी येऊन राज्य करू लागली, आणि या प्रवासात त्यांचे घर बहुतांशी कापडाचेच होते.

मराठी लष्कराच्या या कापडी घराचे बारीक वर्णन टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. १८०९ साली तो दौलतराव शिंद्याच्या लष्कराबरोबर हिंडत होता. नव्या मुक्कामावर बिनीवाला आधी पुढे जाई आणि महाराजांच्या देवडीच्या जागी पांढरे निशाण रोवी. मग प्रत्येक बाजाराचे निशाण ठरल्या अंतरावर लागे, आणि तासा-दोन तासांत तेच रस्ते, त्याच पेठा, तेच शेजारी नव्या माळावर उभे राहत. दुकाने बहुधा पालांची : दोन टोकांना दोन काठ्या, त्यांवर बांबूचे आढे, आणि त्यावरून जमिनीपर्यंत उतरलेले घोंगडे किंवा जाडेभरडे कापड. वर सांगितलेल्या होडीच्या तंबूचेच हे वर्णन आहे. फक्त डोलकाठीच्या जागी काठी आणि होडीच्या काठाच्या जागी मेख. ब्रॉटनला हे लष्कर विस्कळीत वाटले, आणि शिस्तीच्या दृष्टीने ते तसे असेलही. पण एक सबंध शहर दररोज उचलून दुसरीकडे नेऊन ठेवावयाचे आणि कोणाचे घर हरवू द्यावयाचे नाही, हे गबाळ्या माणसांचे काम नव्हे.

पालाच्या वर राहुटी, राहुटीच्या वर डेरे, शामियाने, कनाती. दरबारी तंबूंची व्यवस्था फरासखान्याकडे असे. पुण्यात फरासखाना हे नाव आज पोलीस चौकीमुळे ऐकू येते. त्याचा मूळचा संबंध तंबू, जाजमे व गालिचे यांच्याशी होता. वैभवाबरोबर हे ओझेही वाढत गेले. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले तेव्हा सुरजमल जाटाने त्यांना सल्ला दिला की कुटुंबकबिला, जड सामान व मोठ्या तोफा चंबळेच्या अलीकडे झाशी किंवा ग्वाल्हेर येथे ठेवाव्यात आणि हलक्या फौजेने लढावे. काशीराज पंडिताने आपल्या वृत्तान्तात हा सल्ला नमूद केला आहे. तो मानला गेला नाही. भाऊंचे मोठाले तंबू पानिपतापर्यंत गेले आणि तेथेच राहिले. पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत, सारे खापर तंबूंवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु झाशी ही सामान ठेवण्याची, मागे विसावा घेण्याची जागा म्हणून त्या वेळीच ओळखली जात होती, हे या सल्ल्यावरून दिसते.

झाशीला मोठी नदी नाही. बेतवा काही मैलांवरून वाहते, पण ती खडकांची नदी; तिच्यावर भरल्या नावांची ये-जा नव्हे. बुंदेलखंडाचा कापूस बैलांवरून व गाड्यांतून काल्पीला जाई, आणि तेथून नावांनी यमुनेच्या प्रवाहाबरोबर मिर्झापूर व त्याही खालच्या बाजारांकडे निघे. या नावांवरचे छप्पर बहुधा गवताचे व बांबूचे असे. ते स्वस्त, थंड आणि हलके. पण वाऱ्यात नाव आवरणे त्यामुळे कठीण जाई, आणि ठिणगीचे भय कायमचे. या छपराने घडविलेला सर्वांत दारुण प्रसंग कानपूरचा. २७ जून १८५७ रोजी सतीचौरा घाटावर इंग्रज स्त्रीपुरुष व मुले ज्या नावांत चढली, त्यांची गवती छपरे पेटली आणि आसरा म्हणून घातलेले आच्छादनच त्यांच्या मृत्यूचे एक कारण झाले. तेथून जवळच, ब्रह्मावर्ताच्या घाटांवर, झाशीच्या राणीचे बालपण गेले होते. मनू म्हणून वावरताना अशा नावा गंगेतून जाताना तिने पाहिल्याच असल्या पाहिजेत.

पाण्यावरचे छप्पर आणि जमिनीवरचा तंबू दोन्ही जवळून पाहिलेली एक बाई याच भागात होऊन गेली. फॅनी पार्क्स ही इंग्रज स्त्री १८३४-३५ च्या हिवाळ्यात ‘सीगल’ नावाच्या लहानशा शिडाच्या नावेतून प्रयागहून यमुनेने आग्र्याला गेली. काल्पी याच वाटेवर लागते. त्यानंतर १८३५ च्या एप्रिलमध्ये फतेगढ येथे तिची बायजाबाई शिंदे यांच्याशी भेट झाली. कागलच्या घाटग्यांची ही कन्या, दौलतरावाची विधवा, १८३३ साली ग्वाल्हेरीतून बाहेर पडावे लागल्यावर कनातींनी वेढलेल्या तंबूंत दिवस काढीत होती. सोन्यानाण्याला तोटा नव्हता, पण छप्पर कापडाचे. पार्क्सबाईंना तेथील मराठा बायकांचे घोड्यावर बसणे, त्यांचे मोकळे बोलणे फार आवडले. राज्य गेलेली राणी तंबूत राहते याचा अर्थ ती अजून परत जाण्याची आशा सोडीत नाही, असाही करता येतो. पक्के घर बांधले की मुक्काम कायमचा होतो. बायजाबाई पुढे खरोखरच ग्वाल्हेरीस परतल्या. त्यांनीच मथुरेस मोठा यज्ञ योजिला आहे, ही वार्ता ऐकून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, आणि यज्ञाऐवजी युद्ध पाहून आले. वेढा पडला तेव्हा ते झाशीच्या तटाच्या आत होते. त्यांनी लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला, आणि त्यातील मूळ मजकुराची शुद्ध प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांपुढे ठेवली.

आता ऊन. बुंदेलखंडाची जमीन दगडाची, झाडी विरळ. मार्चअखेर वारा पश्चिमेचा होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा लागतो. कोकणातील माणसाला हे ऊन नवे. कोकणात घाम येतो आणि अंगावरच राहतो. येथे घाम येतो आणि आल्याचे कळण्यापूर्वीच वाळतो, त्यामुळे शरीर कोरडे पडत आहे हे ध्यानी येत नाही. या उन्हात एकेरी कापडाचा तंबू जवळजवळ निरुपयोगी आहे. कापड तापते आणि तापलेले कापड आतल्या माणसावर उष्णता टाकीत राहते. यासाठी चांगल्या तंबूला दोन छपरे करीत. वरचे ऊन घेई. खालचे व वरचे यांच्यामधल्या वीतभर पोकळीतून वारा वाहे आणि खालचे कापड त्या मानाने थंड राही. वाऱ्याच्या बाजूला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. वारा जितका कोरडा तितके पाणी लवकर उडते आणि तितकाच आतला गारवा अधिक, म्हणून ही युक्ती झाशीत साधते आणि दमट कोकणात साधत नाही. अर्थात त्याला दोन गोष्टी लागतात : पाणी, आणि पाणी शिंपडणारा माणूस. लढाईत दोन्ही दुर्मिळ.

सर ह्यू रोझ सैन्य घेऊन २१ मार्च १८५८ रोजी झाशीपुढे आला तेव्हा त्याला भोवतालचा मुलूख उजाड केलेला आढळला. राणीने शेतांत गवताची काडी ठेविली नव्हती आणि शत्रूला सावली देईल असे झाड राखले नव्हते. शत्रूचा दाणागोटा तोडण्याची रीत जुनीच. पण वेढा घालणाऱ्याची सावली तोडण्याचा विचार ज्या मनाने केला, त्याला या मुलखातील उन्हाळ्याची ताकद नेमकी ठाऊक होती. शहरातल्या माणसांना दगडी घरे होती, भिंतींची जाडी होती, विहिरी होत्या. बाहेर मात्र कापडच. शिंदे आणि ओरछ्याचे संस्थान यांनी गवत, लाकूड व भाजीपाला पुरविला नसता, तर रोझला त्या माळावर टिकणे फार कठीण गेले असते. राणीच्या बेतावर पाणी पडले ते इंग्रजांच्या तोफांमुळे नव्हे. आधी शेजाऱ्यांनी पाडले.

वेढा सतरा दिवस चालला. त्या सबंध काळात घोडदळातील माणसांनी अंगावरचे कपडे उतरविले नाहीत, आणि पाणी पाजण्यापुरताच काय तो घोड्यांचा लगाम सुटे, असे रोझने लिहिले आहे. याचा अर्थ असा की तंबू उभे असून नसल्यासारखे होते. २५ मार्चपासून तोफांचा मारा सुरू झाला. १ एप्रिलला तात्या टोपे बेतवेवर मदतीस आला आणि पराभूत होऊन परतला; ३ एप्रिलला तटाला शिड्या लागल्या. पुढचे दिवस झाशीने जे भोगले, त्याची हकीकत गोडसेभटजींच्या पुस्तकातच वाचावी. ती थोडक्यात सांगण्याजोगी नाही.

राणी रात्री किल्ल्यातून निसटली आणि काल्पीच्या वाटेला लागली. तिच्या पाठलागावर एक लेफ्टनंट धाडण्यात आला; त्याचे नाव काही ग्रंथांत डाउकर तर काहींत बोकर असे आढळते. झाशीपासून सुमारे वीस मैलांवर भांडेर गावी त्याला एक तंबू उभा दिसला. आत न्याहारी मांडलेली होती, अर्धवट टाकलेली. तंबूत माणूस नव्हते. पुढे दृष्टीच्या टप्प्यात राणी चार स्वारांसह घोडा फेकीत चाललेली त्याला दिसली. तिच्याजवळ पोचतो न पोचतो तोच जखमी होऊन त्याला परतावे लागले. झाशीच्या इतिहासात तोफा, तलवारी व तट यांची वर्णने विपुल आहेत. भांडेरच्या या तंबूकडे त्या मानाने कोणी पाहिलेले नाही. रात्रभर घोड्यावर बसून आलेल्या बाईसाठी कोणीतरी तो घाईघाईने ठोकला, मेखा मारल्या, तणावे ताणले, पान मांडले, आणि तिला तेथे पोटभर खाण्याइतकाही वेळ मिळाला नाही. तंबू गुंडाळावयाचा की सोडून जावयाचा, या प्रश्नाचे उत्तर पानिपतापूर्वी ज्यांना देता आले नव्हते, त्यांच्याच परंपरेतील या राणीने ते क्षणात दिले.

त्यानंतर कापड तिच्या वाट्याला फारसे आलेले दिसत नाही. गोडसेभटजींना ती पुन्हा भेटली ती काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी : पुरुषी वेष, अंगभर धूळ, तहानेने व्याकुळ. भटजी पाणी काढू लागले तेव्हा तिने ब्राह्मणाला तसदी दिली नाही, मडके आपल्या हाती घेतले, स्वतः पाणी ओढले आणि ओंजळीने प्यायली. भटजींनी सांगितलेल्या या प्रसंगात डेरा नाही, कनात नाही, झाडही नाही.

रोझ तिच्यामागून काल्पीकडे निघाला तो एप्रिल सरता सरता. आता उन्हाने दोन्ही पक्षांना सारखे धरले, पण सारखे मारले नाही. ७ मे रोजी कूंच येथे लढाई झाली. नव्यानेच येऊन मिळालेल्या ७१ व्या हायलँडर्स पलटणीतील गोरे शिपाई गोळी न लागताच कोसळू लागले. स्वतः रोझ त्या दिवशी उन्हाने एकाहून अधिक वेळा खाली पडला; अंगावर पाणी ओतून, औषध देऊन त्याला पुन्हा घोड्यावर बसविण्यात आले. छावणीतील तंबूंच्या आतच पारा ११० अंश फॅरनहाइटच्या वर चढत होता. ज्याला सावली म्हणावयाचे तीच अशी तापलेली. डोल्यांमधून माणसे इस्पितळाच्या तंबूकडे नेली जात होती आणि तो तंबूही कापडाचाच.

हे क्रांतिकारकांच्या नजरेतून सुटले नाही. रोझने आपल्या अहवालात त्यांच्या एका हुकुमाचा उल्लेख केला आहे. त्याचा मतितार्थ असा : सकाळी दहाच्या आत गोऱ्यांवर चाल करू नये, उन्हात ते मरतात किंवा डोलीत पडतात, तेव्हा ऊन चढू द्यावे. झाशीपुढची झाडे तोडण्यामागे जो विचार होता, त्याचेच हे पुढचे पाऊल. आधी सावली काढून घेतली, आता घड्याळ हाती घेतले. हा हुकूम कोणी काढला हे सांगण्यास साधन नाही. राणी त्या वेळी काल्पीच्या मसलतीत होती एवढे निश्चित.

रोझला हे कळत होते. म्हणून तो काल्पीच्या किल्ल्यावर सरळ न जाता १५ मेच्या सुमारास यमुनेकाठच्या गुलौली गावी आला. तेथे दोन लाभ होते. पलीकडच्या तीरावर कर्नल मॅक्सवेलचे सैन्य होते, आणि अलीकडे पाणी होते. नदीचे पाणी मिळाले की मरावयास टेकलेला शिपाई वाचतो, हे त्या सैन्याच्या वैद्यांना कूंचने शिकविले होते. २२ मे रोजी दहाच्या सुमारास, ठरल्याप्रमाणे ऊन चढल्यावर, काल्पीहून हल्ला आला. तो जोराचा होता. इंग्रजांची फळी एका बाजूस मोडण्याच्या बेतास आली असता मॅक्सवेलकडून आलेले उंटांवरील शिपाई धावून गेले आणि डाव उलटला. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली. उन्हाचा हिशेब चुकला नव्हता. यमुनेच्या दुसऱ्या तीरावरून माणसे येतील, हा हिशेब राहून गेला होता.

मोहीम संपली असे मानून रोझने १ जून रोजी सैन्याचा निरोप घेणारा हुकूम काढला. प्रकृती पार ढासळल्यामुळे तो रजेवर मुंबई इलाख्यात परतणार होता. त्याच दिवशी तिकडे तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतली. शिंदे आग्र्याकडे पळाला आणि वृद्ध बायजाबाई राजघराण्यातील इतर स्त्रियांसह नरवरला गेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेला रस्ता पुन्हा पायांखाली आला. बातमी काल्पीस पोचताच रोझने रजा बाजूस ठेवली, तंबू पुन्हा उंटांवर चढले. ६ जूनला कूच झाले. आता रात्री चालावयाचे आणि दिवस कापडाखाली कसाबसा काढावयाचा, असा क्रम ठरला. १६ जूनला फौज मोरारला आली. दुसरीकडून ब्रिगेडियर स्मिथची तुकडी कोटा-की-सराय येथे पोचली, आणि तेथल्या लढाईत राणी पडली. ती तारीख कोणी १७ तर कोणी १८ जून देतात. त्या दिवशी आठव्या हुसार पलटणीच्या ज्या स्वारांनी चाल केली होती, ते ऊन व थकवा यांनी इतके गळून गेले होते की त्यांना खोगिरावर नीट बसताही येत नव्हते, असे स्मिथने आपल्या अहवालात लिहिले आहे.